आम्ही कळवतो, आम्हालाही कळवा : आरोग्य विभागाला आणि खासगी डॉक्टरांना एक खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
आणि राज्यभरातील खासगी व्यवसायातले माझे डॉक्टर सहकारी

विषय : सरकारी व खासगी दवाखान्यांमध्ये रुग्णाच्या माहितीची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होण्याबाबत

महोदय आणि मित्रहो,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. एमबीबीएस झाल्यावर बाँडची नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात केली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. माझ्याकडे येणारी माणसं ताप-खोकल्याला माझ्याकडे येतात, लसीला आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांना उपकेंद्रात जातात, बाळंतपणाला कधी ग्रामीण रुग्णालय तर कधी खासगी मॅटर्निटी होम गाठतात. अपघात झाला तर १०८ बोलावून सिव्हिलला, आणि मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजनेत बसणाऱ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात. हातात पैसे किती आहेत, जवळ कोण आहे, डॉक्टर आज हजर आहेत का, हे बघून ती ठरवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. सरकारी आणि खासगी अशी भिंत आपण घातली आहे. पेशंट ती रोज ओलांडतो. त्याची माहिती मात्र अलीकडे किंवा पलीकडे अडकून पडते.

खरं तर एका दिशेनं ती जाते. सोनोग्राफी करणारे सहकारी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत एफ फॉर्मचा (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली भरायच्या फॉर्मचा) अहवाल पाठवतात. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. गर्भपात केंद्रांचा महिन्याचा अहवाल वेगळा. क्षयरोगी सापडला की निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर नोंद. डेंग्यूची साथ असली की संध्याकाळी आरोग्य सेवकाचा फोन ठरलेला : ‘सर, आज किती?’ हे सगळं द्यायलाच हवं. साथ कुठं पसरते आहे हे आम्ही सांगितलं नाही तर सरकारला कळणार कुठून? पण आम्ही दिलेल्या माहितीचं पुढे काय झालं, हे उलट कुणी कळवत नाही. डेंग्यूचंच घ्या. खासगी लॅबमधल्या रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट सरकारी हिशेबात ‘संशयित’ राहतो, कारण खात्री एलायझा तपासणीवरच धरायची असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. नियम योग्य आहे. पण आमच्या पेशंटचा नमुना एलायझाला गेला की त्याचा निकाल आम्हाला कळवायला काय हरकत आहे? त्या निकालाची सगळ्यात जास्त गरज त्याच्या अंगात सलाईन लावून बसलेल्या डॉक्टरलाच असते.

क्षयरोगाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सरकार आणि खासगी डॉक्टर यांच्यात माहितीची सर्वांत मोठी वाट याच आजारानं पाडली, आणि तिच्यातली उणीवही इथंच ठसठशीत दिसते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. खासगी डॉक्टर क्षयावर कसे उपचार करतात हे १९९१ मध्ये मुंबईत पाहिलं गेलं तेव्हा १०० डॉक्टरांनी ८० तऱ्हेची औषधयोजना लिहून दिली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०६ डॉक्टरांच्या ६३ तऱ्हा निघाल्या. ही आमच्या व्यवसायाची लाजिरवाणी नोंद आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मे २०१२ मध्ये सरकारनं क्षयाची नोंद बंधनकारक केली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं डॉक्टर, लॅब आणि औषध दुकानदार या सगळ्यांवर ती जबाबदारी टाकली आणि न कळवणाऱ्यावर दंड संहितेखाली कारवाईची तरतूद केली. सोबत नोंद केल्याबद्दल डॉक्टरला ५०० रुपये, उपचार पूर्ण झाल्याचं कळवल्यावर आणखी ५०० रुपये, आणि रुग्णाला पोषण आहारासाठी महिन्याला ५०० रुपये, जे नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सीबीनॅट, ट्रूनॅटसारख्या तपासण्या आणि औषधं खासगी डॉक्टरच्या पेशंटलाही मोफत मिळू लागली. परिणाम सगळ्यांसमोर आहे. २०२३ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या साडेपंचवीस लाख रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश खासगी क्षेत्रातून नोंदले गेले. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी ही संख्या अगदीच नगण्य होती. कायदा, मोबदला आणि पेशंटचा प्रत्यक्ष फायदा हे तिन्ही एकत्र आलं की खासगी डॉक्टर माहिती देतात, हे यातून सिद्ध झालं आहे.

आता दुसरी बाजू. मी नोंदवलेला पेशंट पुढे सरकारी उपचारावर गेला, त्याचा बेडका औषधाला दाद देतो की नाही हे पाहायला मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तो निकाल माझ्याकडे येत नाही. पेशंट मात्र येतो, कारण मी त्याचा घरचा डॉक्टर आहे. त्याला ताप आला, उलट्या झाल्या, गुडघा दुखला की तो माझ्याच बाकावर बसतो. त्याचं औषध बदललं आहे हे मला कळलं नसेल तर मी काय करू शकतो ते पाहा. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या हृदयाची लय बिघडवू शकतात, आणि घशाच्या संसर्गाला आम्ही सहज लिहितो ती अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटीला देतो ती ऑन्डनसेट्रॉन, हीसुद्धा तेच करू शकतात. दोन्ही एकत्र पडली तर धोका दुणावतो. साध्या क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन घ्या. ते गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करतं. बाई क्षयाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून घेते आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या माझ्याकडून किंवा थेट मेडिकलमधून. सांगणारं कुणी नसतं. क्षयाच्या गोळ्या चालू आहेत हे ती स्वतः मला सांगत नाही, कारण सासरी कळायला नको असतं आणि माझ्या वेटिंग रूममध्ये तिची जाऊ बसलेली असते.

म्हणून माहितीच्या देवाणघेवाणीची गोष्ट काढली की गुप्ततेची गोष्ट तिच्याबरोबरच काढायला हवी, शेवटी परिशिष्टात नव्हे. क्षयरोग कार्यक्रमातले पर्यवेक्षक घरी भेट देतात. त्यांचं काम फार मोलाचं आहे, त्यांच्याविना कित्येक पेशंट मध्येच औषध सोडून गेले असते. पण कार्यक्रमाचं नाव लिहिलेली गाडी दारात उभी राहिली की भाड्याची खोली सोडावी लागलेली माणसं मी पाहिली आहेत. नंतर ती माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगितलंत ना?’ आमचे कितीतरी सहकारी नोंद करायला कचरतात ते या एका प्रश्नापायी. ‘घरी येऊ की फोन करू, फोन कुणाच्या नंबरवर करू, दवाखान्यातच भेटू का’ एवढं नोंदवतानाच पेशंटला विचारलं आणि ते पाळलं, तर निम्मी भीती जाईल.

दुसरं उदाहरण याहून साधं आहे आणि रोजचं आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासायची मोहीम आरोग्य विभाग चालवतो आणि उपकेंद्रातून गोळ्याही देतो. फार चांगलं काम आहे. आता एक म्हातारे बाबा डोळ्यांसमोर आणा. उपकेंद्रातून त्यांना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या दोन वेगळ्या पट्ट्या मिळाल्या, त्यांच्यावर जेनेरिक नाव. मुलाकडे शहरात गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरनं तीच दोन औषधं एकाच गोळीत असलेला एक ब्रँड लिहून दिला. सरकारी पट्टी पांढरी, खासगी पट्टी चकचकीत. बाबांनी दोन्ही चालू ठेवल्या. सरकारी गोळ्या ‘शुगरच्या’, आणि शहरातली गोळी ‘ताकदीची, महागाची’. मग एक दिवस नातू त्यांना मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन येतो. अंगाला दरदरून घाम, बोलणं बरळल्यासारखं, ग्लुकोमीटरवर साखर चाळिशीत. शिरेतून ग्लुकोज दिलं की थोड्या वेळात बाबा उठून बसतात आणि चहा मागतात. मग त्यांची कॅरीबॅग उघडायची. त्यात तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घामानं अक्षरं पुसलेली दोन कार्डं, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, चार वर्षांपूर्वीचा छातीचा एक्स-रे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही डॉक्टरनं ही कॅरीबॅग ओळखली नाही असं होणार नाही. आपल्या राज्याची रुग्णमाहिती प्रणाली आजच्या घडीला तीच आहे, आणि ती सांभाळण्याचं सगळं काम आपण पेशंटच्या अंगावर टाकलं आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या राज्यात दोन्हीकडची माहिती एकत्र आणणं सोपं नाही. पण जिथं मनावर घेतलं तिथं आपण हे करून दाखवलं आहे. कोविडच्या लसीचा पहिला डोस ग्रामीण रुग्णालयात आणि दुसरा खासगी रुग्णालयात घेतलेल्या माणसाला प्रमाणपत्र एकच मिळालं, त्यावर दोन्ही तारखा आल्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तर हे रोज घडतं. मंजुरी आणि बिलासाठी खासगी रुग्णालय पेशंटचे रिपोर्ट, फोटो, डिस्चार्ज कार्ड सगळं पोर्टलवर चढवतं. म्हणजे ज्याच्या हृदयात स्टेंट बसला त्याचं डिस्चार्ज कार्ड शासनाच्या योजनेकडे स्कॅन होऊन पडलेलं असतं. तोच माणूस गावी परत येतो आणि महिन्याभरानं रक्त पातळ करणारी गोळी संपली म्हणून आरोग्य केंद्रात जातो, तेव्हा तिथल्या डॉक्टरसमोर ते कार्ड नसतं. पैसे देण्यासाठी जी माहिती वेळेवर पोहोचते, ती उपचारासाठी पोहोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. स्टेंटनंतरची गोळी मध्येच बंद झाली तर काय होतं हे डॉक्टरांना सांगायला नको. पेशंटची हरकत नसेल तर हे डिस्चार्ज कार्ड त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दिसावं. यासाठी नवं पोर्टल नको, नवं टेंडर नको. कागद आधीच आपल्याकडे आहे.

आता आभा कार्डाबद्दल, म्हणजे रुग्णाच्या नोंदी जोडण्यासाठीच्या डिजिटल आरोग्य ओळखपत्राबद्दल. ते ज्यातून मिळतं ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. कल्पना मला मनापासून पटते : चौदा आकडी क्रमांक, माहिती जिथं तयार झाली तिथंच राहणार, आणि पेशंटनं परवानगी दिली तरच दुसऱ्या दवाखान्याला दिसणार. पण गावात ती पोहोचली कशी? कार्डं काढायचं उद्दिष्ट आशाताईंच्या डोक्यावर आलं. शिबिरं झाली, कार्डं लॅमिनेट होऊन घरोघरी गेली. कोविड लसीकरणात आधार दाखवलेल्या कित्येकांचा क्रमांक तर त्यांच्या नकळतच तयार झाला. आता पेशंट ते कार्ड माझ्यासमोर ठेवतो आणि म्हणतो, ‘यात बघा ना सगळं.’ त्यात बघायला काही नसतं, कारण त्या क्रमांकाला एकही रिपोर्ट, एकही चिठ्ठी जोडलेली नसते. किती कार्डं काढली याची आकडेवारी जाहीर होते. किती कार्डांमागे निदान एक तरी उपचाराची नोंद आहे आणि त्यातल्या किती नोंदी दुसऱ्या डॉक्टरनं प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, हे जिल्हावार जाहीर करा अशी माझी विनंती आहे. कामाची खरी मोजणी त्यातूनच होईल.

आणि परवानगीचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हेही एकदा गावात येऊन पाहा. आमच्याकडे चार जणांच्या घरात एकच नंबर सगळीकडे दिलेला असतो. बहुतेक वेळा तो नवऱ्याचा किंवा पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा. बाई माझ्यासमोर बसलेली, आणि तिच्या नोंदी उघडायची परवानगी तिच्या नवऱ्याच्या खिशात. त्या नोंदींमध्ये गर्भपात असू शकतो, एचआयव्हीची तपासणी असू शकते, मानसिक आजाराच्या गोळ्या असू शकतात. या तिन्ही बाबतींत गुप्ततेचा हक्क कायद्यानं वेगळा लिहून दिलेला आहे : २०१७ चा एचआयव्ही कायदा, २०१७ चाच मानसिक आरोग्य सेवा कायदा आणि गर्भपात कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती. कायदा तिच्या बाजूचा आहे, पण ओटीपी घरातल्या ज्याच्या हातात मोबाइल त्याच्या बाजूचा होऊन बसतो. म्हणून माझी ठाम मागणी आहे की या तीन प्रकारच्या नोंदी बाकी नोंदींबरोबर आपोआप जोडल्या जाऊ नयेत. त्यांना वेगळी संमती लागावी, आणि ज्या बाईकडे स्वतःचा मोबाइल नाही तिला कागदावर सही-अंगठा करून ती देता यावी, नाकारताही यावी. ‘नाही’ म्हटल्यामुळे तिचा केस पेपर अडला असं कुठंही होता कामा नये.

माहिती एकदा फुटली की परत गोळा करता येत नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत पॉझिटिव्ह आलेल्यांच्या याद्या नाव-पत्त्यासकट गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या अग्रगण्य सरकारी रुग्णालयाचं कामकाज कित्येक दिवस हातानं चालवावं लागलं. एम्सचं हे होऊ शकतं, तर तालुक्याच्या रुग्णालयातला तो एक संगणक, ज्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतो, किती सुरक्षित आहे याचा विचार व्हावा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर छोट्या दवाखान्यांवरही जबाबदारी येते आहे. ती पार कशी पाडायची हे शिकवायला कुणीतरी आमच्यापर्यंत यायला हवं. एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर अशा दवाखान्यात माहिती-सुरक्षेचा अधिकारी कुठून आणणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भागातल्या माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगली-सातारा, अहिल्यानगर, काही कर्नाटकात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे जोडीनं एक मजूर धरायचा, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची, राहायला फडाजवळची कोपी, म्हणजे झोपडी. सात महिन्यांची गरोदर बाईसुद्धा जाते. समजा तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. पहिलं बाळंतपण गावाकडच्या खासगी मॅटर्निटी होममध्ये झालं. बाळ पॉझिटिव्ह गटाचं असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं. ते मिळालं नसेल तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ शकतो, आणि पुढचं बाळ पोटातच रक्त कमी होऊन दगावू शकतं. आता दुसऱ्या खेपेला ती साताऱ्याकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात, कळा सुरू झालेल्या अवस्थेत येते. डॉक्टर विचारतात, मागच्या वेळी इंजेक्शन दिलं होतं का? ती म्हणते, ‘लई इंजेक्शनं दिली व्हती.’ माता-बाल संरक्षण कार्ड गावाकडं पत्र्याच्या पेटीत राहिलेलं. पहिल्या बाळंतपणाची फाइल मॅटर्निटी होमच्या कपाटात. दोन्हीकडे माहिती आहे, आणि त्या टेबलावर, जिथं ती हवी, तिथं काहीच नाही.

तमिळनाडूत खासगी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईचीही गरोदरपणाची सरकारी नोंदणी होते, तिला क्रमांक मिळतो आणि बाळाचा जन्मदाखलाही त्या क्रमांकाशी जोडलेला आहे. दाखला अडवण्याची ताकद वापरून माहिती गोळा करणं मला पटत नाही. त्यात भरडली जाते ती कागदपत्रं नसलेली, स्थलांतरित बाईच. पण बाळंतपण सरकारीत होवो की खासगीत, नोंदवही एकच असावी, हा त्यातला भाग आपण घ्यायला हवा.

आता माझ्या खासगी व्यवसायातल्या सहकाऱ्यांना. मित्रहो, सरकारकडे बोट दाखवताना आपली कपाटंही उघडू या. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णानं मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं आपल्यावर बंधनकारक आहे. औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असं २०१६ पासून सांगितलेलं आहे. किती जण करतो? बिल थकलं म्हणून फाइल अडवून ठेवणं, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो म्हटल्यावर रिपोर्ट द्यायला टाळाटाळ करणं, चिठ्ठीवर असं लिहिणं की खालच्या मेडिकलवाल्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये, हे आपल्यात चालतं. कारणं मला माहीत आहेत. पेशंट तुटेल ही भीती असते. आपला कागद दुसऱ्याच्या हाती गेला तर तो चुका काढेल आणि पेशंटला चिथवेल ही भीती असते. इन्कम टॅक्सची भीती असते. एफ फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून सोनोग्राफी मशीन सील झाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यामुळे सरकारला कागद द्यायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. या शेवटच्या भीतीबद्दल शासनानं स्पष्ट लेखी हमी द्यावी असं मलाही वाटतं : उपचारासाठी दिलेली माहिती कर किंवा कारवाईच्या कामासाठी वापरली जाणार नाही. मात्र बाकीच्या भीतींपायी पेशंटनं किंमत मोजावी, हे मला मान्य नाही.

आपण माहिती दाबून ठेवली की काय होतं ते बीड जिल्ह्यानं पाहिलं आहे. ऊसतोड बायकांची गर्भाशयं लहान वयात काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, शासनानं समिती नेमली, आणि ८२ हजारांहून अधिक बायकांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगीत झालेल्या. घरोघरी जाऊन मोजेपर्यंत हा आकडा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेच्या हाती नव्हता. कुठल्या वयात, कुठल्या कारणासाठी, किती शस्त्रक्रिया होतात ही नावं वगळलेली साधी आकडेवारी दर महिन्याला जमा होत असती, तर पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कुणाच्या तरी डोळ्यांत ती खुपली असती. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांवरही त्या काळात संशयाचं बोट उठलं. कागद असते तर त्यांनाच त्याचा सगळ्यात जास्त आधार झाला असता.

मंत्री महोदय, आयुक्त महोदय, माझी मागणी मोठ्या प्रणालीपासून सुरू होत नाही. पहिल्यांदा एक पान ठरवा. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही दवाखान्यातून घरी जाणाऱ्या किंवा पुढे पाठवल्या जाणाऱ्या पेशंटच्या हाती ते पान असलंच पाहिजे. त्यावर निदान, औषधांची जेनेरिक नावं, डोस आणि किती दिवस घ्यायची ते, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी, पुढची तारीख, आणि शंका आली तर फोन कुणाला करायचा तो नंबर. वरचा भाग डॉक्टरसाठी, खालचा पेशंटसाठी मराठीत, मोठ्या अक्षरात. ज्याच्याकडे संगणक आहे त्यानं तेच पान आभाला जोडावं. नाही त्यानं पेनानं भरावं. फाटू नये अशा कागदावर छापलं तर उत्तम, कारण ते पावसात आणि उसाच्या फडात फिरणार आहे.

त्याच पानाचा खालचा तुकडा परतीचा असावा. मी पेशंट ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला पाठवला, तर त्याचं काय झालं हे चार ओळींत माझ्याकडे परत यावं. आणि आरोग्य केंद्रानं माझ्याकडे किंवा एखाद्या खासगी तज्ज्ञाकडे पाठवलेल्या पेशंटबद्दल आम्हीही तितक्याच तत्परतेनं लिहून द्यावं. किती रेफर चिठ्ठ्या गेल्या आणि किती परतल्या, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत विचारलं जावं. जे विचारलं जातं तेच आपल्याकडे होतं. निक्षयवर नोंद करणाऱ्या डॉक्टरला त्या रुग्णाचा औषध-प्रतिकाराचा निकाल आणि औषधातला बदल आपोआप कळावा, रुग्ण पुढे सरकारी केंद्राकडे गेला तरीही, अर्थात त्या रुग्णाला विचारून.

हे सगळं एकदम राज्यभर करा असं मी म्हणत नाही. जिथून माणसं ऊसतोडीला जातात असा एक तालुका आणि जिथं जातात असा साखर कारखान्याच्या पट्ट्यातला एक तालुका निवडा. कारखान्यांचे बॉयलर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात. त्याआधी दोन्हीकडच्या गरोदर बायका, क्षयरुग्ण आणि बीपी-शुगरचे पेशंट यांच्या हाती हे पान पडलं, आणि एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्यावर त्यातल्या किती जणांची औषधं खंडली नाहीत हे मोजलं, तर पुढचं राज्यासाठी काय करायचं ते त्यातूनच ठरेल. निवडीत आमचा तालुका असेल तर इथल्या खासगी डॉक्टरांना बोलावून आणायचं काम माझं. पहिल्या हंगामाची पानं छापायचा खर्च आम्ही मंडळी वर्गणी काढून करू. आपण फक्त नमुना मंजूर करावा आणि सरकारी दवाखान्यांना ते पान भरण्याचा लेखी आदेश द्यावा. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मराठवाड्यातला एक जनरल प्रॅक्टिशनर